पालीला न दिसणारा दिवा

मागच्या हिवाळ्यात जवळजवळ तीन आठवडे मी एकच गोष्ट शोधत होते. रात्री पालीला कळणार नाही, पण मला मात्र पाल दिसेल असा दिवा. एका स्क्रीनवर ऑफिसचं काम आणि दुसऱ्या स्क्रीनवर लाल बल्ब, निळे बल्ब, ‘मूनलाइट’ लिहिलेल्या एलईडी पट्ट्या, इन्फ्रारेड कॅमेरे. लॅपटॉप घेतानाही मी एवढा विचार केला नव्हता.

पाल माझी नव्हे, म्हणजे नव्हती. ओहायोतल्या कोलंबसला नोकरीसाठी आले, तेव्हाच्या रूममेटची ती. रूममेट दुसऱ्या शहरात गेली आणि जाताना म्हणाली, दोन महिने सांभाळ, घर मिळालं की घेऊन जाते. त्याला दोन वर्षं होऊन गेली. लेपर्ड गेको जातीची ही पाल नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते, हे मला नंतर कळलं. माझा व्हिसा तेवढा जगेल की नाही, सांगता येत नाही.

अंग पिवळट, त्यावर काळे ठिपके, शेपूट जाडजूड. मी मूळची सांगलीची, त्यामुळे नाव ठरायला वेळ लागला नाही. भडंग. घरी व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा आई म्हणाली, “इथं आम्ही पाली जाव्यात म्हणून भिंतीला मोरपिसं लावतोय, आणि तू पाल पाळलीस?” मी तिला सांगितलं की ही भिंतीवर चढत नाही. खरंच चढत नाही. तिच्या बोटांना आपल्या घरातल्या पालीसारख्या चिकटणाऱ्या गाद्या नसतात. पालीच्या नोकरीतली मुख्य पात्रताच नाही म्हणा ना. शिवाय तिला पापण्या असतात, ज्या घरातल्या पालीला नसतात. भडंग डोळे मिटून झोपते आणि उठली की डोळे मिचकावते. आईचं मत काही बदललं नाही. आज्जी मात्र फोनजवळ तोंड आणून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “शहाणी दिसते.”

या पालीचा मूळ मुलूख अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत, कोरडा, दगडधोंड्यांचा. तिचं एक चुलत भावंड, युब्लेफारिस फस्कस, पश्चिम भारतात राहतं, आपल्या महाराष्ट्रातही. सांगलीत मी अठरा वर्षं काढली, पण मला ते कधी दिसलं नाही, कारण ही सगळी मंडळी दिवसा दगडाखाली असतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येतात. अडचण तीच होती. मी संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भडंग तिच्या गुहेत. मी दिवा घालवून झोपले की तिचा दिवस सुरू. सकाळी मातीवर शेपटीची रेघ, वाटीतले किडे गायब, आणि एका ठरलेल्या कोपऱ्यात विष्ठा. आपल्या घरात एखादा भाडेकरू असावा आणि त्याचं फक्त वीजबिल आपल्याला दिसावं, तसं.

रूममेटने टाकीबरोबर एक लाल बल्ब दिला होता. रात्री हा लाव, त्यांना लाल दिसत नाही. पाली पाळणाऱ्यांच्या जगात हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. मला ते ऐकताक्षणी पटलं आणि त्याचं कारण शास्त्र नव्हतं. आमच्या गावभागातल्या घरात, माजघरात, रात्रभर लाल झिरोचा बल्ब जळायचा. त्या उजेडात आज्जीची पाठ, कोनाड्यातला तांब्या, दाराच्या वर थिजल्यासारखी बसलेली पाल, सगळं लाल. लाल उजेड म्हणजे झोपेचा उजेड, कुणाला त्रास न देणारा, असं माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं. खरं तर तो बल्बही नावापुरताच झिरो होता. बारा-पंधरा वॅट सहज खायचा. नावावर विश्वास ठेवू नये हे तिथेच शिकायला हवं होतं.

मग मी वाचायला लागले, आणि वाचायला लागले की माझं थांबणं कठीण असतं.

आपल्या डोळ्यात उजेड टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. अंधुक उजेडासाठी दंडपेशी, रंगांसाठी शंकुपेशी. चांदण्यात आपल्याला झाड दिसतं पण ते हिरवं दिसत नाही, याचं कारण तेवढ्या उजेडात शंकुपेशी कामाच्या उरत नाहीत. पालींची गोष्ट वेगळी. त्यांचे पूर्वज दिवसा हिंडणारे होते आणि त्या काळात त्यांच्या दंडपेशी नाहीशा झाल्या. पुढे वंशज पुन्हा रात्रीकडे वळले तेव्हा जुनं हत्यार हाताशी नव्हतं. मग शंकुपेशीच मोठ्या झाल्या, दंडपेशींसारख्या झाल्या आणि अंधाराचं काम करायला लागल्या. ही कल्पना गॉर्डन वॉल्स यांनी मांडली. जुन्या कोडमधला एक भाग कुणीतरी उडवून टाकावा आणि पाच वर्षांनी त्याचीच गरज पडल्यावर दुसऱ्याच फंक्शनला ताणून ते काम करून घ्यावं, असा हा प्रकार आहे. आमच्या ऑफिसात हे दर तिमाहीला होतं, फक्त निकाल इतका सुंदर लागत नाही.

कारण निकाल असा, की पालीला रात्री रंग दिसतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या लीना रोथ आणि आल्मुट केल्बर यांनी 2004 साली हेल्मेट गेको नावाच्या पालीवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. आपण ज्या अंधुक चांदण्यात पूर्ण रंगांधळे असतो, त्या उजेडात ती पाल निळा आणि करडा यांतला फरक ओळखत होती. रंग दिसण्याच्या सीमेवर तिचा डोळा माणसाच्या रंगदृष्टीपेक्षा सुमारे 350 पट संवेदनशील असतो, असा हिशेब नंतर मांडला गेला. भडंग हेल्मेट गेको नाही, तिचा आकडा वेगळा असेल. पण त्या आकड्यानंतर मी लाल बल्बकडे पूर्वीसारखी बघू शकले नाही.

‘लाल दिसत नाही’ यात तथ्याचा एक कण आहे. टोके गेको या पालीच्या डोळ्यातली रंगद्रव्यं मोजलेली आहेत. एक 521 नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वांत जास्त प्रतिसाद देतं, एक 467 च्या निळ्याला, आणि तिसरं 364 ला, म्हणजे आपल्याला अजिबात न दिसणाऱ्या अतिनील उजेडाला. लालासाठी वेगळं काही नाही. म्हणजे लाल वस्तू तिला लाल म्हणून दिसत नसणार. पण लाल रंग न दिसणं आणि लाल उजेड न दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरव्याला प्रतिसाद देणारी पेशी लालाच्या हद्दीवर भिंत घालून थांबत नाही. तिचा प्रतिसाद घाटासारखा उतरत जातो. त्यातून रंग लावलेल्या साध्या बल्बमधून नुसता लाल उजेड येत नाही, आजूबाजूचाही गळतो. आणि समोर बसलेली ही अशी, कणभर उजेडावर जगणारी.

निळे ‘मूनलाइट’ दिवे तर त्याहून वाईट. ते चांदण्यासारखे दिसतात ते आपल्याला. चांदणं मुळात निळं नसतंच. ते चंद्रावरून परतलेलं ऊन, उन्हापेक्षा किंचित लालसरच. अंधुक उजेडात आपला डोळा निळ्याकडे झुकतो आणि सिनेमावाल्यांनी ते पक्कं केलं, म्हणून आपली रात्र निळी. जिच्या डोळ्यात निळ्यासाठी आणि त्याच्याही पलीकडच्यासाठी खास द्रव्यं आहेत, तिच्या डोक्यावर आपण निळी ट्यूब लावायची आणि त्याला चांदणं म्हणायचं. पौर्णिमेचा उजेड जेमतेम पाव लक्स असतो, चंद्र नसलेल्या रात्री चांदण्यांचा त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. त्या पट्टीची झगझग मी मोजायलाही गेले नाही.

हे सगळं वाचलेलं. बघितलेलं एवढंच: लाल बल्ब लावलेला असताना भडंग काचेजवळ आली आणि मी फोनवर तिचा फोटो काढला. डोळ्याची बाहुली उभी, अरुंद. पूर्ण अंधारात ती कशी असते ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे इन्फ्रारेड कॅमेऱ्यात पाहिलं तर बाहुली एवढी पसरलेली की डोळा जवळजवळ सगळाच काळा. म्हणजे लाल उजेड दिसतो की नाही, हे मी तीन आठवडे जगभराच्या लोकांना विचारत होते आणि जिला विचारायचं तिने आल्या आल्या उत्तर देऊन ठेवलं होतं. एका पालीवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं. पण मला सिद्धांत मांडायचा नव्हता, बल्ब काढायचा होता. तो काढला. उबेसाठी उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर लावला.

राहिला इन्फ्रारेड. टीव्हीचा रिमोट फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबून बघा. डोळ्यांना काही दिसत नाही आणि स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकतो. कॅमेऱ्याच्या सिलिकॉनला आपल्यापेक्षा लांबच्या तरंगलांबी दिसतात, एवढंच त्यातलं गुपित. रात्रीचे कॅमेरे त्याच तत्त्वावर चालतात. त्यांत दोन जाती. 850 नॅनोमीटरचे एलईडी स्वस्त, त्यात चित्र चांगलं आणि लांबवरचं येतं, पण अंधारात त्यांच्याकडे थेट बघितलं तर विझत आलेल्या उदबत्तीसारखे मंद लाल ठिपके दिसतात. 940 वाल्यांत चित्र जरा कमी प्रतीचं, पण ठिपका नाही. काहीच नाही.

मी 940 घेतला. पहिल्या संध्याकाळी कॅमेरा रात्रीच्या मोडमध्ये गेला तेव्हा ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि भडंगने झटकन मान वळवली. कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी एक पातळ काच असते, रात्री ती बाजूला सरकते, त्याचा तो आवाज. उजेडावर एवढं डोकं लढवलं आणि कानाचा विचारच केला नव्हता. मग कॅमेरा कायमचा रात्रीच्या मोडवर ठेवला. आता ना उजेड, ना आवाज.

आणि मला माझी पाल दिसली. किड्याजवळ जाताना तिच्या शेपटीचं टोक थरथरतं. कात टाकली की ती स्वतःची कात खाऊन टाकते, तोंडाने मोजा ओढून काढावा तशी. एक मात्र बघवलं नाही. रात्री दोन-अडीचच्या सुमारास ती कोपऱ्यातल्या काचेला पुढचे पाय लावून उभी राहायची आणि खरवडत राहायची. दहा मिनिटं, वीस मिनिटं. सकाळी त्याची काही खूण उरत नसे. मी टाकी नव्याने मोजून पाहिली. उबेच्या गुहेतली जमीन बत्तीसच्या आसपास हवी, ती सत्तावीसच भरली. ते दुरुस्त केलं, मोठी टाकी आणली, लपायला आणखी दोन जागा केल्या. खरवडणं कमी झालं. गेलं नाही.

तेव्हा कुणी मला ‘प्राण्यांना त्यांच्या अंधारात सोडून द्यावं’ म्हणालं असतं तर मी भांडले असते. मी बघितलं नसतं तर ती आजही थंड जमिनीवर बसली असती. जिला आपण पेटीत घातलंय तिच्याकडे न बघणं हा सभ्यपणा नव्हे.

पण गुहेतली ऊब दुरुस्त झाल्यावरही मी बघत राहिले, हेही खरं. ऑफिसात, बसमध्ये, जेवताना. हालचाल झाली की फोनवर नोटिफिकेशन यायचं. दोन चांगल्या क्लिप मी मैत्रिणींना पाठवल्या, मग ‘आज काय केलं भडंगने’ अशी मागणी यायला लागली आणि ज्या दिवशी ती काहीच करत नसे त्या दिवशी मला तिचा किंचित राग यायचा. काळजीने बघणं कुठे संपलं आणि नुसतं बघणं कुठे सुरू झालं, ते चित्रावरून कळायचं नाही. पिक्सेल तेच असतात.

याच हिवाळ्यात आज्जीच्या खोलीत कॅमेरा बसला होता.

आज्जी चौऱ्याऐंशीची. दिवाळीनंतर एका रात्री संडासला जाताना पडली. आई-बाबा वरच्या मजल्यावर झोपतात, त्यांना ऐकूच गेलं नाही. मोडलं काही नाही, पण तासभर तशीच पडून होती. कॅमेरा मीच मागवून दिला, चुलतभावाने भिंतीवर ठोकला. आमच्यात साडेदहा तासांचं अंतर. माझी दुपार म्हणजे तिची मध्यरात्र. म्हणून रात्रपाळी आपोआप माझ्याकडे आली. आई-बाबा झोपलेले असताना मी कोलंबसमध्ये जागी असते, अधूनमधून बघत जाईन. सगळ्यांना केवढा धीर वाटला. मलाही वाटला. लांब असणाऱ्या नातीला करता येण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

म्हणजे त्या दिवसांत मी दिवसा आज्जीला बघत होते आणि रात्री पालीला. दोन्ही चित्रं करडी, दोन्हींत डोळे उघडे असले तर चमकणारे.

आज्जीचा कॅमेरा 850 चा होता. दुकानात तोच मिळाला. तिसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, “तो लाल डोळ्याचा माझ्याकडं बघत बसतो रात्रभर.” आईने समजूत घातली की तो नाही गं, ती बघते, आपली नात. आज्जी काही बोलली नाही. त्या रात्री मी ॲप उघडलं तर सगळी स्क्रीन पांढरीफटक. कॅमेरा बिघडला असं वाटलं. बिघडला नव्हता. आज्जीने त्याच्यावर जपाची गोमुखी अडकवली होती. इतक्या जवळच्या कापडावरून इन्फ्रारेड थेट लेन्समध्ये परतत होता, म्हणून काळोख न होता पांढरं.

आठवडाभर रोज हेच. सकाळी आई गोमुखी काढायची, रात्री आज्जी पुन्हा चढवायची. मग घरच्या ग्रुपवर चुलतभावाचा मेसेज आला: तुला यातलं कळतं ना, लाल न दिसणारा कॅमेरा मिळतो का? तो कपाटावर ठेवू आणि हा भिंतीवरचा काढून टाकू. आज्जीला सांगू की काढला.

मिळतो. मला मॉडेल नंबरासकट माहीत होता. महिन्यापूर्वीच तीन आठवडे घालवून शोधला होता. मी लिंक कॉपी केली, ग्रुपवर पेस्ट केली आणि पाठवायचं बटण दाबायच्या आधी थांबले. भडंग कधी आवाज करत नाही, पण मनातली पाल काही त्या जातीची नव्हती. ती चुकचुकली.

कारण भावाचं म्हणणं आणि माझं म्हणणं शब्दशः एक होतं. तिला कळणार नाही, म्हणजे तिला त्रास नाही, म्हणजे हरकत नाही. पालीच्या बाबतीत याच तीन पायऱ्या चढून मी स्वतःची पाठ थोपटली होती. तिथे ते बरोबर असेल तर इथे का चूक? आणि इथे चूक असेल तर तिथे?

सोपं उत्तर लगेच सुचतं: पालीला ‘आपल्याला कुणी बघतंय’ हे समजतच नाही, माणसाला समजतं. मला ते पटत नाही. बघितलं जाणं म्हणजे काय हे पालीइतकं कुणाला ठाऊक असेल? तिच्या लाखो वर्षांच्या घराण्यात जी दिसली ती खाल्ली गेली. अंगावरचे ठिपके, दगडाखालचा दिवस, थिजून बसणं, सगळी विद्या एकाच गोष्टीची, दिसू नये याची. थॉमस नेगेल यांनी 1974 साली वटवाघूळ असणं म्हणजे आतून कसं वाटत असेल हे आपल्याला कळूच शकत नाही, अशा अर्थाचं जे लिहिलं ते भडंगलाही लागू आहे. तिला आतून कसं वाटतं ते मी कधीच सांगू शकणार नाही. पण डोळा रोखला गेला की ती थिजते, एवढं बाहेरूनही दिसतं. तिच्यासाठी बघणारा म्हणजे धोका. दुसरा अर्थ नाही. म्हणून मला तिच्याकडे बघायचंच असेल तर तिच्या जगात मी नसणं हीच त्यातली माया. बघणारा तिथे नसला की धोकाही नसतो.

आज्जीसाठी बघणारा म्हणजे धोका नाही. बघणारा म्हणजे माणूस, आणि माणूस आला की आज्जी काही गोष्टी करते. पदर सारखा करते. कवळी बसवते. “ये, बस,” म्हणते. चौऱ्याऐंशी वर्षं कुणासमोर कसं असायचं हे तिचं तिने ठरवलंय. न दिसणारा कॅमेरा पदर सारखा करायची ती अर्धी मिनिट तिच्याकडून काढून घेतो. तो भिंतीवरचा 850 वाला, स्वस्तातला, निदान विझत्या उदबत्तीसारखा का होईना, पण सांगत होता की इथे कुणीतरी आहे. पाल पाळणाऱ्यांसाठी तो दोष. मला पहिल्यांदाच वाटलं की त्यापेक्षा बरं काही त्या कॅमेऱ्यात नव्हतं.

लिंक पाठवली नाही. आज्जीला फोन केला. आईने फोन तिच्या हातात दिला आणि मी सरळ विचारलं की गोमुखी का घालतेस.

“जप झाला की तिथंच अडकवते,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “तू बघतीस होय गं रात्री?”

“हो. पडलीस तर कळायला पाहिजे ना.”

“ते बरोबर आहे.” परत थांबली. “पण मी झोपेत कशी दिसते ते मला माहीत नाही. तुला माहीत. हे काही बरं नाही बाई.”

मला काही सुचलं नाही म्हणून मी विषय बदलला आणि भडंगचं सांगितलं. कात खाते ते सांगितलं, रात्री कॅमेऱ्यात बघते ते सांगितलं. आज्जीने सगळं ऐकून विचारलं, “आणि तिला माहिताय का, तू बघतीस ते?” मी म्हटलं नाही, तसाच खास कॅमेरा आणलाय. तर म्हणाली, “मग तिच्याशी नीट वाग हो.” एवढंच. मी हे वाक्य बरेच दिवस उलटसुलट करून पाहिलं. जिला माहीत नाही तिच्याशी जास्त नीट वागायला लागतं, असं तिला म्हणायचं होतं असं मला वाटतं. किंवा तिला नुसतं फोन ठेवायचा होता.

ठरलं ते असं. लाल डोळ्याचा कॅमेरा भिंतीवर राहील. गोमुखी घालायची की नाही ते आज्जी ठरवेल. मी ॲपमधली सगळी नोटिफिकेशनं बंद करीन, दिवसातून एकदा बघीन आणि बघितलं की घरच्या ग्रुपवर नाही, आज्जीला स्वतःला सकाळी सांगीन: काल बघितलं. चुलतभावाला हे सगळं नाटक वाटलं. त्याने बोलून दाखवलं की अमेरिकेत बसून तत्त्वज्ञान सोपं आहे, रात्री उचलायला आम्ही आहोत. त्यात खोटं काय होतं?

ऑगस्टमध्ये आज्जी पुन्हा पडली. गोमुखी घातलेली रात्र होती. ती भिंतीला टेकून बसून राहिली होती; आईला पाणी प्यायला खाली आल्यावर दिसली. किती वेळ झाला होता ते कुणालाच सांगता येत नव्हतं, आज्जीलाही नाही. मनगटाला बारीक चीर, सहा आठवडे प्लास्टर. मी त्या दुपारी ॲप उघडलं होतं. पांढरी स्क्रीन पाहिली होती आणि ठरल्याप्रमाणे बंद केली होती. ग्रुपवर कुणी मला काही म्हणालं नाही. चुलतभावाने फक्त एक्स-रेचा फोटो टाकला.

मी त्या फोटोपुढे माझे सगळे मुद्दे मांडून बघितले. पदर, कवळी, अर्धी मिनिट. एक्स-रेमधल्या चिरेपुढे ते फार बारीक दिसत होते. तरी ते चुकीचे होते असं म्हणायला मन तयार नव्हतं, आणि हे लिहितानाही नाही. न दिसणारा कॅमेरा असता तर मी दोन मिनिटांत आईला फोन केला असता. हे वाक्य मी वगळून पुढे जाऊ शकत नाही.

प्लास्टरमध्ये असताना बाबांनी आज्जीला तिला काय हवं ते विचारलं. इतके महिने आम्ही सगळे तिला कसं बघायचं यावर बोलत होतो, हे कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, “मला दिसत नाही रे रात्री खालचं. झिरोचा बल्ब होता तो काढलात तुम्ही.” खरंच काढला होता, घराला रंग दिला तेव्हा. आता पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत तीन छोटे पिवळे दिवे आहेत, पाय जवळ आला की लागतात. बाबांनी लाल मागितले होते. मिळाले नाहीत. आज्जी म्हणते हे बरे आहेत, पण लालात झोप छान लागायची.

कॅमेरा अजून आहे. गोमुखीही आहे. गुडघा फार दुखत असेल त्या रात्री ती स्वतःहून काढून ठेवते आणि आईला सांगते, आज बघू दे तिला.

इकडे पुन्हा थंडी सुरू झाली आहे. भडंगचा कॅमेरा मी टायमरवर टाकला आहे, रात्री दोन ते तीन, कारण खरवडायची तिची वेळ ती. क्लिप पाठवत नाही कुणाला. मैत्रिणी अजून विचारतात. मागच्या आठवड्यात एकदा ती लेन्सच्या अगदी समोर येऊन बसली, बाहुल्या पूर्ण पसरलेल्या, आणि पाच मिनिटं हलली नाही. तिच्यासमोर काळी काच होती, दुसरं काही नाही.

परवा दुपारी तीनला मी ऑफिसात ॲप उघडलं. सांगलीत रात्रीचा दीड वाजला होता. स्क्रीन पांढरी होती. मी फोन उलटा ठेवला आणि मीटिंगला गेले.